गवताला उसंत हवी

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की खडकवासला धरणाच्या दक्षिणेला डोणजे, गोऱ्हे, खानापूर या पट्ट्यातल्या टेकड्यांवर कोवळी हिरवळ दिसू लागते. उन्हाळाभर कडब्यावर आणि वाळल्या गवतावर दिवस काढलेली गुरं दावणीला थांबायला तयार नसतात. मालकही टेकीला आलेला असतो. कडब्याची गंज तळाला गेलेली, विकतची वैरण महाग, दूध आटलेलं. अशा वेळी गुरं रानात सोडून देणं सगळ्यांत सोपं वाटतं आणि बहुतेक जण तेच करतात. गवताच्या बाजूने पाहिलं तर वर्षातला सगळ्यांत नाजूक पंधरवडा नेमका हाच असतो.

या भागातली चांगली गवतं, म्हणजे मारवेल, पवना, डोंगरी, शेडा, बहुवर्षायू आहेत. पावसाळा सरला की ती वरून वाळतात, पण बुडखा जिवंत राहतो. त्या बुडख्यात आणि मुळांत मागच्या पावसाळ्यात साठवलेलं अन्न असतं. जमीन भिजली की त्या साठ्यातून पहिली दोन-तीन पानं फुटतात. ही पानं मोठी होऊन उन्हाच्या जोरावर स्वतःचं अन्न तयार करू लागेपर्यंत गवत मागच्या वर्षाच्या शिल्लकीवर जगत असतं. तेवढ्यात पान तोडलं गेलं, तर शिल्लकीतून दुसरं पान काढावं लागतं. तेही तोडलं गेलं, तर तिसरं. असं दोन-चारदा झालं की बुडखा रिकामा होतो. पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळून भाकरी थापावी, तसाच हा प्रकार.

जमिनीखाली काय घडतं हे फ्रँकलिन क्रायडर या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध केला. निरनिराळ्या गवतांची पानं कमी-अधिक प्रमाणात छाटायची आणि मुळांची वाढ मोजायची, एवढाच त्याचा प्रयोग. पाल्याचा ४० टक्क्यांपर्यंत भाग छाटला, तर मुळं वाढत राहिली. ८० टक्के छाटला, तर सगळ्या मुळांची वाढ ठप्प झाली आणि जवळपास १२ दिवस ती सुरूच झाली नाही. पुणे परिसरात गवत वाढण्याचा काळ मुळात चार महिन्यांचा. त्यातले १२ दिवस एकदा गेले तर भरून निघतात. गुरं दर आठवड्याला त्याच बुडख्यावर तोंड मारत असतील, तर मुळांना तो सगळा पावसाळा मिळतच नाही. मूळ आखूड राहिलेलं गवत मग ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यांत आधी पिवळं पडतं.

गाय चरते कशी, हे जवळून पाहण्यासारखं असतं. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कठीण हिरडी असते. ती जीभ लांब काढून गवताच्या झुबक्याभोवती वळवते, झुबका तोंडात ओढते आणि खालचे दात व वरची हिरडी यांच्यात धरून मान हिसडून तोडते. या पद्धतीमुळे फार खुरटं गवत तिला नीट खाताच येत नाही. जमिनीपासून बोटभर उंचीचं तरी तिच्याकडून मागे राहतं. मेंढीचं तसं नाही. तिचा वरचा ओठ दुभंगलेला आणि हलता असतो, त्यामुळे ती अगदी मातीलगत कुरतडू शकते. एकाच रानातून आधी गाई-म्हशी आणि मागून शेरडं-मेंढरं वारंवार फिरली, तर मागे काय उरतं, हे पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर दिसतं.

मात्र गवताचा घात पहिल्या घासाने होत नाही, दुसऱ्याने होतो. चरलेल्या जागी आठवड्याभरात लुसलुशीत फुटवा येतो. शेजारचं न चरलेलं गवत तोवर उंच, जून आणि चरबट झालेलं असतं. गुरं साहजिकच फुटव्याकडे वळतात. मोकाट चराईच्या रानात म्हणूनच एक विचित्र चित्र असतं. काही ठिकाणं घासून गुळगुळीत झालेली आणि त्यांच्याच शेजारी गुडघाभर उंच, कोणी न शिवलेले झुबके. गुरांची संख्या कमी केली तरी हे चित्र पुरतं पालटत नाही, कारण उरलेली गुरंही आवडत्या जागांवरच परत परत जातात. एकाच रानात अतिचराई आणि अल्पचराई शेजारी शेजारी नांदतात.

याला जगभर वापरला जाणारा उतारा म्हणजे फिरती चराई. रानाचे तुकडे पाडायचे, सगळी गुरं एका तुकड्यात थोडेच दिवस ठेवायची, मग पुढच्या तुकड्यात हलवायची आणि पहिला तुकडा पुरता वाढेपर्यंत तिकडे फिरकू द्यायचं नाही. तत्त्व जुनंच होतं. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या आंद्रे व्हॉइझां या शेतकरी-संशोधकाने १९५७च्या आपल्या ग्रंथात त्याला नियमांची शिस्त दिली. गाई चरत असताना तो तासन् तास निरीक्षण करायचा. त्याच्या नियमांचा गाभा असा: दोन चरायांच्या मध्ये गवताला मुळांतला साठा भरून काढण्याइतकी उसंत मिळाली पाहिजे, आणि एका तुकड्यातला मुक्काम इतका आखूड हवा की पहिल्या दिवशी खाल्लेल्या गवताला आलेला फुटवा त्याच मुक्कामात पुन्हा खाल्ला जाऊ नये. दुभत्या गाईंचा मुक्काम तीन दिवसांपेक्षा जास्त नको, असं तो सांगे. फिडेल कॅस्ट्रोच्या निमंत्रणावरून तो क्यूबात व्याख्यानं द्यायला गेला आणि १९६४च्या डिसेंबरमध्ये हवानातच वारला.

परदेशात फिरती चराई बहुतेक वेळा मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या संदर्भात बोलली जाते. तिथल्या वसंतातली हिरवळ आणि वजन वाढवणारे गोऱ्हे, असं ते गणित असतं. महाराष्ट्रात मार्च २०१५पासून गोवंशाच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तसे कळप इथे नाहीत. इथला प्रश्न दुभत्या गाई-म्हशींचा, भाकड जनावरांचा, बैलांचा आणि शेळ्या-मेंढ्यांचा आहे. गवताला त्याने काही फरक पडत नाही. त्याला वसंत जून-जुलैमध्ये येतो, इतकंच.

हिशोब अवघड नाही. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला वजनाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे दहा किलो कोरडा चारा लागतो. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात ८० टक्के पाणीच असतं, म्हणून तोच चारा हिरव्यात पन्नास किलो भरतो. आता रानात गवत किती आहे ते मोजायचं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकटीतलं गवत कापायचं, वाळवायचं आणि वजन करायचं. चार-पाच ठिकाणची सरासरी २५० ग्रॅम आली, तर एकरी जवळपास एक हजार किलो कोरडा चारा उभा आहे. त्यातला निम्माच गुरांचा. उरलेला निम्मा गवताच्या मुळांसाठी आणि मातीवरच्या पांघरुणासाठी ठेवायचा. पाच गाईंना रोज पन्नास किलो लागत असेल, तर पाचशे किलोत दहा दिवस निघतात. अशा चार एकरांचे वीस पट्टे पाडले आणि दर दोन दिवसांनी पट्टा बदलला, तर पहिल्या पट्ट्यावर परतायला चाळीस दिवस लागतात. त्यातले अडतीस गवताच्या उसंतीचे.

कागदावरचं हे वेळापत्रक पावसाप्रमाणे बदलावं लागतं. ऑगस्टमध्ये पाऊस आणि ऊन आलटून पालटून असेल, तर गवत तीन-चार आठवड्यांत तयार होतं. सप्टेंबर संपता संपता वाढ मंदावते, तेव्हा दीड महिनाही पुरत नाही. गवत झपाट्याने वाढत असताना पट्टे भराभर बदलायचे आणि वाढ मंदावली की सावकाश, हा नियम अनेकांना उलटा वाटतो. चारा कमी झाला की माणूस घाईघाईने पुढच्या पट्ट्यात जातो, तो संपला की त्याच्या पुढच्या. मग पहिल्या पट्ट्यावर तो वेळेआधीच परततो आणि सगळं चक्र कोसळतं.

पश्चिमेकडे सरकलं की आणखी एक अडचण येते. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. खडकवासल्यापासून पानशेत, वरसगाव, टेमघरकडे जावं तसा तो वाढत जातो आणि घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटरवर पोहोचतो. तिथे जुलैत गुरं एका जागी कोंडली, तर गवत खाल्लं जाण्यापेक्षा चिखलात तुडवलंच जास्त जातं. माती दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि खुरांमध्ये जखमा होतात. अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय अशा पावसात टिकते, कारण तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाणी अंगावर ठरत नाही. पण तिथलेही गुरं पाळणारे धुवांधार पावसाच्या आठवड्यांत कळप कमी पावसाच्या भागात हलवत आले आहेत.

या हालचालीत मोठं शहाणपण आहे. महाराष्ट्रातल्या धनगरांनी तारेच्या कुंपणाशिवाय सगळ्या राज्याचेच पट्टे पाडले होते. मेंढपाळ धनगर पावसाळा दख्खनच्या कोरड्या माळांवर काढतात, कारण घाटातल्या ओल्या जमिनीत मेंढरांचे खूर कुजतात. दिवाळीनंतर कळप पश्चिमेला निघतात, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घोड्यावर बिऱ्हाड, सोबत कुत्री आणि वाटेत शेतकऱ्याच्या वावरात वाडा. मेंढरं बसवण्याचे शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, कारण एका रात्रीत त्याच्या जमिनीला लेंडीखत आणि मूत मिळतं. या चक्रात माळावरच्या गवताला विश्रांती ठरवून द्यावी लागत नव्हती, ती आपोआप पदरात पडत होती.

घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांची रीत वेगळी. वेल्हे, मुळशी, भोरच्या डोंगरांत विखुरलेल्या धनगरवाड्यांवर गाई-म्हशी पाळायच्या आणि दूध नासण्याआधी त्याचं लोणी-तूप करून खाली विकायचं, हा त्यांचा जुना व्यवसाय. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी त्यांच्या जीवनपद्धतीचा अभ्यास करून १९८२ साली तो प्रसिद्ध केला. एकाच प्रदेशात राहणारे समाज निरनिराळी साधनं आणि निरनिराळ्या जागा कशा वाटून घेत होते, आणि लोकसंख्या व जंगलाची स्थिती बदलल्यावर ती घडी कशी विस्कटली, हा त्यांच्या लिखाणातला महत्त्वाचा धागा. वाड्या लहान आणि लांब लांब असण्यामागे चराईची गरज होती. सिंहगडावर मडक्यात मिळणाऱ्या दह्याची चव सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. ते ज्या दुधाचं लागतं, त्यामागे डोंगरातलं गवत आहे, याचा विचार मात्र क्वचित होतो.

पानशेत आणि वरसगावच्या जलाशयांखाली नदीकाठची शेतं आणि सखल कुरणं गेली. खडकवासल्याचं धरण त्याहून जुनं, १८७९च्या सुमारास पूर्ण झालेलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा तेही फुटलं आणि नंतर पुन्हा बांधलं गेलं. जलाशयाच्या उत्तरेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची सुमारे सात हजार एकर जमीन आहे. तिची पायाभरणी १९४९ साली झाली. डोंगरउतार वनखात्याकडे. मधल्या मोकळ्या जमिनींवर फार्महाऊस आणि प्लॉटिंग. जून २०२१मध्ये खडकवासला गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं. या प्रत्येक निर्णयामागे कारण होतं आणि शहराच्या तहानेचं कारण तर फारच मोठं. पण गुरं कुठे फिरवायची, हा प्रश्न त्यातल्या कुठल्याही नकाशावर नव्हता. फिरायला जागा उरली नाही की चराई एका ठिकाणी साचते, आणि मग दोष गुरांना दिला जातो.

सरकारी आणि सामाजिक कामातला उपाय बहुतेक ठिकाणी चराईबंदी हाच राहिला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९०च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी कसोशीने पाळली. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं आणि गोठ्यात घालायचं. उघडा पडलेला डोंगर सावरायला हा मार्ग फळला, यात शंका नाही. ज्या बुडख्यांत काहीच उरलेलं नाही त्यांना तीन-चार पावसाळे पूर्ण विश्रांती द्यावीच लागते.

डोंगर सावरल्यावर काय, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो फारसा विचारला जात नाही. अनेक वर्षं कोणीही न चरलेलं, न कापलेलं गवत स्वतःच्याच वाळल्या पाल्याखाली गुदमरतं. नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, बुडख्याचा मधला भाग मरतो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकरी आणि पोलीस यांच्यातल्या संघर्षात माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून दिसलं, की म्हशी नाहीशा झाल्यावर पाणथळीत गवत माजलं आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा आक्रसली. बंदी आणि मोकाट चराई यांच्या मधली वाट आपल्याकडे पुरेशी चालून पाहिलेलीच नाही, असं म्हणायला यात भरपूर आधार आहे.

फिरत्या चराईच्या नावाने मोठे दावेही केले जातात, तेव्हा हातचं राखूनच ऐकलेलं बरं. झिम्बाब्वेच्या ॲलन सेव्हरी यांनी २०१३च्या एका गाजलेल्या भाषणात, मोठे कळप शिस्तीने फिरवले तर वाळवंटीकरण रोखता येईल, असं मांडलं. त्याआधी २००८ साली डेव्हिड ब्रिस्की आणि सहकाऱ्यांनी कोरड्या चराऊ रानांवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले होते. बहुसंख्य प्रयोगांत फिरती चराई सततच्या चराईपेक्षा सरस ठरली नव्हती. दर एकरी गुरं किती, याचा परिणाम तुकडे पाडण्यापेक्षा मोठा होता. पुण्याच्या आसपास याचा अर्थ सरळ आहे. चार एकरांवर पंधरा गाई ठेवल्या, तर कितीही पट्टे पाडले तरी रान उजाडणारच. संख्या आधी बसवायची, फिरवणं त्यानंतर.

कोवळं गवत जनावरांच्या पोटाच्या बाबतीतही दगा देतं. त्यात प्रथिनं आणि पाणी भरपूर, पण धागा कमी. कडब्यावरून एकदम हिरव्यावर आलेल्या गाईचं शेण पातळ होतं आणि दुधातलं फॅट उतरतं. बरसीम, लसूणघास यांसारखी कोवळी शेंगवर्गीय वैरण उपाशीपोटी खाल्ली, तर पोट फुगतं. डावी भकाळी ढोलासारखी तणते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जनावर तासाभरातही दगावू शकतं. मेंढ्यांमध्ये पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत चाऱ्याबरोबर आंत्रविषार येतो, म्हणून त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते. थंड हवामानाच्या देशांत वसंतातल्या गवतातून मॅग्नेशियम कमी पडून दुभत्या गाई झटके येऊन कोसळतात. यावरचा साधा उपाय जुन्या लोकांच्या हातात होताच: सकाळी आधी पेंढीभर कडबा, मग रान, आणि पहिले आठ दिवस रानात थोडाच वेळ. खनिज मिश्रणाची जोड आता सहज मिळते.

खडकवासल्याच्या काठाला एक खास धोका आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळाच्या ओलीवर हिरवा पट्टा येतो. सगळीकडे पिवळं असताना गुरं तिकडेच ओढली जातात. पण याच ओलीत लहान पाणगोगलगायी असतात आणि त्यांच्या अंगात यकृतातल्या पर्णकृमीची पिल्लं वाढतात. बाधित जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात जातात, अळी गोगलगायीत शिरते, तिथे वाढून बाहेर पडते आणि काठच्या गवताच्या पात्यावर कोष करून चिकटते. ते पातं गाईने खाल्लं की कृमी यकृतात पोहोचतो. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी उतरून सूज येते, दूध कमी होतं, आणि मालक चाऱ्याला किंवा नजरेला दोष देत बसतो. पट्टे पाडायचेच असतील, तर पाण्यालगतचा पट्टा गुरांच्या चक्रातून वगळावा आणि पाणी हौदात पाजावं. हा जलाशय पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, तेव्हा शेण काठापासून लांब पडण्यात शहराचाही फायदा आहे.

रान थकत चाललं आहे हे ओळखायला मोजमापं लागत नाहीत, काय उगवतं ते पाहिलं की पुरतं. आधी मारवेल आणि पवना विरळ होतात, त्यांच्या जागी कुसळी गवत पसरतं. ते कोवळं असताना गुरं खातात, पण ऑक्टोबरात त्याची टोकदार कुसळं मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत घुसतात. पुढे गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तो तरवड वाढतो, घाणेरी झुडपं धरते आणि उघड्या मातीवर गाजर गवत येतं. गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्यातलीच, १९५०च्या दशकाच्या मध्यावरची. घट्ट विणलेल्या गवतात त्याला सहज शिरता येत नाही. चराईने केलेली उघडी भगदाडं त्याला हवी असतात.

पट्टे पाडायचे कसे, हा व्यवहाराचा प्रश्न. न्यूझीलंडमध्ये १९३०च्या दशकात बिल गॅलाघर यांनी विजेच्या कुंपणाचं यंत्र बनवलं आणि तिथली चराईच बदलली. तशाच तत्त्वावरचं झटका मशीन आज महाराष्ट्रातल्या गावोगावी रानडुकरांपासून पीक राखायला वापरलं जातं. सौर पॅनल, बॅटरी, एक-दोन तारा आणि बांबूचे खुंट. सेकंदाला एखादा अतिशय क्षणिक धक्का बसतो, जनावर दचकून मागे सरतं, इजा होत नाही. पिकाभोवतीची तीच तार काढून गवतात ओढली आणि दोन दिवसांनी पुढे सरकवली, की पट्टा तयार. घरच्या विजेची तार थेट जोडणं मात्र बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

ज्यांच्याकडे झटका मशीनही नाही, त्यांच्याकडे चऱ्हाट आणि खुंटी आहे. बांधावर किंवा पडीक तुकड्यात गाय बांधून चारणाऱ्या बाया गावोगावी दिसतात. पंधरा फुटांचं चऱ्हाट असेल, तर खुंटीभोवती सातशे चौरस फुटांचं वर्तुळ मिळतं, म्हणजे गुंठ्याचा साधारण दोन तृतीयांश भाग. मघाच्या हिशोबाने त्यात सोळा किलो कोरडा चारा उभा असतो. निम्मा ठेवून आठ किलो. सव्वातीनशे किलोच्या देशी गाईचा हा बरोबर एका दिवसाचा चारा होतो. दुसऱ्या दिवशी खुंटी उपटून तीस फूट पुढे ठोकायची. व्हॉइझांचे दोन्ही नियम यात पाळले जातात, आणि खर्च खुंटीचा. पाणी वेळेवर दाखवावं लागतं, सावली बघावी लागते आणि गाय गुरफटणार नाही इकडे लक्ष ठेवावं लागतं. हे काम बहुतांशी बायकाच करतात. दुधाच्या हिशोबात त्यांच्या या मेहनतीला जागा मिळायला हवी.

गावाच्या गायरानावर हेच सामुदायिक पद्धतीने करायला ग्रामसभेची संमती लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ने गुरचरणासाठी जमीन राखण्याची तरतूद केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. जमीन वाचली तरी ती कशी चारायची, हे गावालाच ठरवावं लागेल. सगळ्यांत सोपी सुरुवात गायरानाचे चार भाग करून होऊ शकते. एक भाग जूनपासून बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवायचा, म्हणजे त्यातलं गवत फुलोऱ्यावर येऊन बी टाकेल. पुढच्या वर्षी बंद राहण्याची पाळी दुसऱ्या भागाची. चार वर्षांत सगळ्या रानाला एकेकदा बी धरायला सवड मिळते. उजाड तुकड्यांत पहिल्या पावसाला मारवेलची ठोंबं लावता येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले मारवेल ०६-४० हे वाण त्यासाठी उपलब्ध आहे. सोबत स्टायलोसारखी शेंगवर्गीय वैरण पेरली, तर जमिनीत नत्र येतं आणि चाऱ्यात प्रथिनं. वारज्याला मुख्यालय असलेल्या बाएफ संस्थेने चारा आणि पशुपालनाचं काम संस्थापक मणिभाई देसाईंच्या काळापासून केलं आहे. ती खडकवासल्यापासून फार लांब नाही.

आणि मग कापणी. राखलेल्या भागातलं गवत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात, पुरतं वाळल्यावर कापलं जातं. तोवर त्यातली प्रथिनं तीन टक्क्यांच्या आसपास उतरलेली असतात आणि उरतो तो काडीकचरा. फुलोरा येताना, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावसाची उघडीप पाहून ते कापलं आणि सावलीत हिरवटपणा टिकवून वाळवलं, तर उन्हाळ्यात तेच गवत पेंडीचा खर्च कमी करतं. बी धरण्यासाठी राखलेला भाग तेवढा वगळायचा. विळा मुठीएवढं धसकट सोडून चालवायचा, कारण पुढच्या मृगात फुटायचं ते त्यातूनच. कापलेल्या आणि न कापलेल्या रानांच्या मध्ये जानेवारीपर्यंत जाळरेषा काढून ठेवावी लागते. सिंहगडाच्या उतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात. जाळल्याने नवं गवत चांगलं येतं, या समजुतीतून काही वेळा ते मुद्दाम लावलेही जातात. आगीने वर्षभराचा चारा आणि मातीवरचं पांघरूण दोन्ही जातात, आणि वळवाच्या पहिल्या सरींबरोबर उघडी माती वाहून धरणात येते.